भाजलेला दाणा आणि तिसरा रकाना

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी दळण आणायला निघाले होते. ते म्हणाले, "बाई, तुमच्या शिक्षकी जीवनातले हृदयस्पर्शी अनुभव लिहा. विद्यार्थी मोठा अधिकारी झाला, भर सभेत पाया पडला, असं काहीतरी." माझा एकही विद्यार्थी अधिकारी झालेला नाही. झाला असेल तर पाया पडायला आलेला नाही. एक जण सोलापूरच्या एसटी स्टँडवर भेटतो, कंडक्टर आहे, तो मला खिडकीजवळची जागा देतो. हृदयाला स्पर्श म्हणाल तर एवढाच. तेव्हा मी त्यांना सांगितलं की मी एका शेंगदाण्याबद्दल लिहीन. ते म्हणाले, "शब्दमर्यादा तेवढी पाळा."

एकतीस वर्षं मी सरकारी प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यातली शेवटची नऊ अक्कलकोटच्या पुढच्या एका गावात गेली. तिथली मुलं वर्गात मराठी बोलायची, मधल्या सुट्टीत कानडी, आणि भांडताना दोन्ही. मी सोलापूरहून रोज ये-जा करायची. प्राथमिक शिक्षिका काय करते, हे बाहेरच्यांना सांगायला हवं, कारण त्यांना वाटतं ती शिकवते. तिला सगळे विषय येतात असं सरकारनं गृहीत धरलेलं असतं. सकाळी ती भाषा आणि गणित घेते, दुपारी खिचडी चाखून 'चव चांगली' असं वहीत लिहिते, आणि मग परिसर अभ्यास घेते. राहिलेला सगळा वेळ ती माहिती भरते. कसली माहिती, कोणाला हवी आहे, हे विचारायचं नसतं. मोबाइलवर लिंक येते, ती संध्याकाळच्या आत भरायची, सोबत फोटो जोडायचा.

परिसर अभ्यासात माझा आवडता धडा सजीव-निर्जीवाचा. सजीव वाढतो, हालचाल करतो, श्वास घेतो, अन्न घेतो, नको ते बाहेर टाकतो, चिमटा काढला की प्रतिसाद देतो आणि स्वतःसारखा जीव जन्माला घालतो. ही लक्षणं मी इतक्या वेळा घोकून घेतली की शेवटी शेवटी मला ज्याला त्याला लावून बघायची सवय लागली. आमचं शिक्षण खात्याचं ऑफिस घ्या. ते दरवर्षी वाढतं, अन्न घेतं, आणि नको ती परिपत्रकं रोज बाहेर टाकतं. फक्त चिमटा काढला तर प्रतिसाद देत नाही. माझी बदलीची तीन पत्रं तिथं पडून होती. त्यामुळे ऑफिस कोणत्या रकान्यात घालायचं याचा निकाल माझ्या नोकरीत काही लागला नाही.

मुलं असल्या बाबतीत आपल्यापेक्षा चोख असतात. बसू नावाचा एक मुलगा हट्टाला पेटला होता की एसटी सजीव आहे. "डिझेल खाती, धूर सोडती, पळती, आन् ब्रेक दाबला की केकाटती की मॅडम." मी म्हटलं, "पण तिला पिल्लं होतात का?" त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "डेपोत बगावं लागंल." जन्म देण्याचा मुद्दा आला की आम्ही शिक्षक मंडळी आवाज खाली आणतो, पान भरभर उलटतो आणि फळा पुसायला लागतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी शेळी विताना हाताने मदत केलेली होती. ती मला समजावून सांगायला तयार होती, मीच खडू शोधत होते.

तर या धड्याच्या शेवटी तक्ता असतो. उभी रेघ मारून दोन रकाने, एकीकडे सजीव, दुसरीकडे निर्जीव. तिसरीच्या वर्गात मी तो फळ्यावर काढला. निर्जीवाखाली दगड, खुर्ची, पाटी, बादली असं लिहून झालं, तेवढ्यात शिवलीलानं हात वर केला. शिवलीला ही दोन घट्ट वेण्यांची, कमी बोलणारी मुलगी. तिच्या घरी थोडी कोरडवाहू जमीन होती, आणि आई शेंगांची चटणी अशी करायची की हेडसर तिच्या चटणीसाठी पालक सभा ठेवत असावेत असा मला संशय होता.

"मॅडम, आमची गंगी कुटं लिवायची?"

"गंगी कोण?"

"म्हस. मेली की गेल्या महिन्यात."

"मेली ना? मग निर्जीव."

तिनं फळ्याकडं बघितलं. "दगडाच्या खाली?"

"बादलीच्या खाली लिही. तिथं जागा आहे."

वर्ग हसला. मीही हसले, हे लपवण्यात अर्थ नाही. शिवलीला हसली नाही. ती म्हणाली, "दगडाला कवाच जीव नव्हता. गंगीला हुता. ती मला बघून हंबरायची. दोगांचा रकाना एक कसा?"

यावर मी दिलेलं उत्तर माझ्या सगळ्या नोकरीचं सार म्हणून चालेल. मी म्हणाले, "पुस्तकात दोनच रकाने आहेत."

पुढच्या आठवड्यात बी रुजवण्याचा प्रयोग होता. चहाच्या कागदी कपात ओला कापूस, त्यावर बी, आणि कपावर स्केचपेननं मुलाचं नाव. सगळ्यांनी मटकी आणली. शिवलीलानं दोन कप मांडले आणि दोन शेंगदाणे आणले, एक कच्चा, एक आईच्या तव्यावरून उचललेला भाजका. दुसऱ्या कपावर तिनं नावाखाली ठळक अक्षरात 'भाजलेला' असं लिहिलं.

"मॅडम, ह्यो मेलेला हाय का, बगायचंय."

"भाजल्यावर उगवतं का कुठं?"

"न्हाय उगवला तर मेला. पर आदी त्यात जीव हुता. मग त्यो बी गंगीसारखाच की."

तिचा डाव माझ्या लक्षात आला. तिला म्हैस दगडाखालून बाहेर काढायची होती, आणि त्यासाठी ती पुरावा गोळा करत होती. मला तिचं कौतुक वाटलं. मी सगळ्या वर्गासमोर शब्द दिला, "दहा दिवस बघू. कच्चा उगवला आणि भाजलेला नाही उगवला, तर फळ्यावर तिसरा रकाना काढू. त्यात पहिलं नाव गंगीचं." तिनं बोटांवर दिवस मोजले आणि कॅलेंडरवर खूण करायला लावली.

रोज प्रार्थना झाली की ती दोन्ही कपांवर वाकायची. कच्च्याला चौथ्या दिवशी पांढरा मोड आला. त्याच्याकडं बोट करून ती म्हणायची, "जीव अद." जीव आहे. भाजलेला आधी फुगला, मग मऊ पडला, सातव्या दिवशी त्यावर करडी बुरशी चढली. तिथं ती हळू आवाजात म्हणायची, "सत्तद." मेलंय. तिच्या घरची भाषा कानडी, आणि महत्त्वाचं ते ती कानडीत बोलायची. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात जो एकच खरा प्रयोग झाला तो हाच. बाकीची पोरं मटकीला मोड येतात हे बघत होती, जे त्यांनी आईच्या पोटात असल्यापासून बघितलेलं होतं.

आणि नेमक्या दहाव्या दिवशी साहेबांची भेट ठरली.

भेट म्हणजे काय, हेही सांगते. विस्तार अधिकारी नावाचे साहेब शाळा तपासायला येतात. ते यायच्या आधी शाळा रंगते, घंटा घासली जाते, आणि भिंतीवर जे जे लावता येईल ते लागतं. त्या वर्षी आमची शाळा आदर्श शाळेच्या यादीत होती आणि आदर्श शिक्षिकेच्या यादीत मी होते. हेडसर माढ्याकडचे, माणूस सरळ, पण 'शंभर टक्के' या शब्दांवर त्यांचा फार जीव. पटनोंदणी शंभर टक्के, उपस्थिती शंभर टक्के. माझ्या कपांच्या मांडणीवर त्यांनी स्वतःच्या हातानं पुठ्ठा लावला होता, 'बीज उगवण – शंभर टक्के'.

नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर ते रांगेतून फिरत आले आणि भाजलेल्या दाण्यापाशी थांबले.

"मॅडम, ह्याला तर बुरशी आलीया."

"सर, तो भाजलेला आहे. तो उगवणारच नाही. तोच तर प्रयोग आहे."

"ते आपल्याला ठावं हाय. साहेबास्नी बिनमोडाचा कप दिसंल. वर पुठ्ठा बगा काय लावलाय."

"पुठ्ठा काढा मग."

"पुठ्ठ्याचा फोटो गेला की ग्रुपवर."

मी तो कप कपाटात ठेवू शकले असते. खुशाल पुठ्ठा फाडू शकले असते, सर काही मला मारणार नव्हते. पण निवृत्ती जवळ आलेली होती आणि शाल-नारळाचा फोटो बैठकीच्या खोलीत कुठं लावायचा हे माझं ठरलेलं होतं. आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. असा प्रयोग घेताना बाई नेहमी चार-पाच जादा कप आपल्या टेबलाखाली लावून ठेवते, कारण कोणाचं ना कोणाचं बी दगा देतं आणि पोर रडतं. माझ्या जादा कपांत एक छान मोड आलेला शेंगदाणा होता. मी बुरशीचा दाणा कचऱ्यात टाकला, कप नळाखाली विसळला आणि त्यात नवा कापूस आणि तो मोडाचा दाणा ठेवला. नावं कपांवर होती म्हणून कप तोच ठेवला. त्यावरचा 'भाजलेला' हा शब्द पुसायचं मात्र राहून गेलं. साडेपाचची एसटी चुकली असती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. माळशिरसकडच्या शेतकरी घरातले, अंगानं भरलेले, हसतमुख. त्यांनी पुठ्ठा वाचला, कप न्याहाळले आणि नेमके तिथं वाकले.

"हे काय लिहिलंय? भाजलेला?"

शिवलीला रांगेतून उठून पुढं आली. तिनं कपात बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, मग परत कपात. तो चेहरा मला अजून आठवतो. तिला आनंद झालेला नव्हता आणि दुःखही झालेलं नव्हतं, ती नुसती गोंधळली होती.

"मॅडम, उगवलाय," ती म्हणाली.

"भाजलेला दाणा उगवला?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब. मी आईच्या तव्यावरनंच आणलाता. काल मेलेला हुता."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. बोलायला तेवढाच वेळ होता, आणि मी तो घसा साफ करण्यात घालवला. हेडसर म्हणाले, "साहेब, आमच्या मॅडम लई प्रयोगशील हायत." भाजलेलं पेरलं तर उगवत नाही, हे त्या साहेबांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत असणार. पण त्या वेळी ते साहेब होते आणि त्यांना अजून दोन शाळा करायच्या होत्या. त्यांनी शेरेबुक मागवलं आणि लिहिलं, 'भाजलेल्या बियांपासूनही उगवण करून घेण्याचा नावीन्यपूर्ण उपक्रम पाहून समाधान वाटले. इतर शाळांनी अनुकरण करावे.' खाली तारीख टाकून सही केली आणि चहा घेतला.

जीप गेल्यावर शिवलीला माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, दहा दिवस झाले. तिसरा रकाना?"

मी म्हणाले, "आता कशाला? उगवला ना तुझा दाणा." यापेक्षा हलकं वाक्य मी आयुष्यात बोलले नाही.

अनुकरण करावे, असं साहेबांनी लिहिलं की ते होतंच. महिन्याभरात पत्र निघालं आणि लिंक आली. भाजलेल्या बियांची उगवण, शाळेचं नाव, टक्केवारी, फोटो. आमच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. सगळीकडं शंभर टक्के. एका शाळेत फुटाणे उगवले. एका उत्साही गुरुजींनी साबुदाण्याला कोंब आल्याचा फोटो टाकला आणि त्याखाली सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीही दाखवला. फक्त एका नव्या लागलेल्या मुलीनं प्रामाणिकपणे 'उगवले नाही' असं भरलं. तिच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. तिनं तो दिला आणि पुढच्या महिन्यात तिच्याकडंही उगवलं.

मला शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह मिळालं. सन्मानचिन्ह म्हणजे प्लॅस्टिकचं झाड होतं. त्याला मी दोन लक्षणं लावून बघितली आणि कपाटावर ठेवून दिलं.

शिवलीला घरी प्रयोग करत होती, हे मला ती एक दिवस कप घेऊन आली तेव्हा कळलं. आत तीन भाजके दाणे होते, बुरशी धरलेले. "मॅडम, माझ्याकडं उगवंना. माझं काय चुकतंय?"

तेव्हाही सांगता आलं असतं. वर्गात कोणी नव्हतं. मी म्हणाले, "थोडं ऊन दाखव त्याला." पहिल्या वेळी खोटं वागताना निदान हेडसर शेजारी उभे होते. या वेळी मी एकटी होते. पंधरा दिवसांनी ती ऊन दाखवलेले कप घेऊन आली. पाणी कमी घालून बघ, म्हणाले. तिनं तेही केलं.

मग घटक चाचणी आली. प्रश्न नेहमीचाच, खालील वस्तूंचे योग्य रकान्यात वर्गीकरण करा. शिवलीलाचा पेपर तपासायला घेतला आणि लाल पेन हातातच राहिला. तिनं छापलेल्या तक्त्याच्या शेजारी पट्टीनं तिसरा रकाना आखला होता आणि वर लिहिलं होतं 'मेलेले'. सजीवाखाली इतर उत्तरांच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, 'भाजलेला दाणा (शाळेतला)'. मेलेल्याखाली लिहिलं होतं, 'भाजलेला दाणा (घरचा)'. गंगीचं नाव पुसलेलं दिसत होतं. आधी मेलेल्यात लिहून खोडलं होतं, मग सजीवात लिहून खोडलं होतं. शेवटी ते कुठंच नव्हतं.

त्याच आठवड्यात तिची आई चटणीचा डबा घेऊन शाळेत आली. हसत हसत म्हणाली, "मॅडम, तुमच्या पोरीचं काय तरी करा की. बांधाला म्हस पुरलीया, तितं रोज तांब्याभर पाणी घालती. म्हंती, शाळेत मेलेला दाणा उठला, बगू तर."

मी डबा घेतला. चटणीला नावाजलं. ती गेल्यावर बराच वेळ टेबलाशी बसून राहिले. मला लाज वाटली. एकतीस वर्षांत बऱ्याच गोष्टींची वाटायला हवी होती, पण वाटली ती त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी शिवलीलाला पुढं बोलावलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं. "भाजलेला दाणा उगवत नाही. कुठंच उगवत नाही. तो कप मी बदलला होता. शिवलीलाचा दाणा मी कचऱ्यात टाकला आणि दुसरा ठेवला. तिचं काही चुकलेलं नव्हतं, मी खोटं बोलले."

बसू म्हणाला, "मला वाटलंच हुतं." बाकीचे एकमेकांकडं बघायला लागले. बाई खोटं बोलल्या तर हसायचं असतं का, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

शिवलीलानं विचारलं, "मग गंगीला पाणी घालू नको?"

"नको," मी म्हणाले.

तिनं फळ्याकडं तोंड फिरवलं आणि रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही, एवढंच. रडून झाल्यावर फ्रॉकच्या बाहीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "आता रकाना काढा."

मी रेघ मारली. खडू तिच्या हातात दिला. तिनं वर लिहिलं 'मेलेले' आणि खाली पहिलं नाव 'गंगी', वेलांटी मोठी. मग पोरांना जोर चढला. बाक आला, कारण तो झाड होता. बसूनं रकान्यात चामड्याची चप्पल लिहिली. कोणीतरी वाळकी मिरची म्हणालं, तर शिवलीलानं अडवलं, "मिरची न्हाय. तिच्यात बी हाय. पेरली की येती." घंटा झाली तरी कोणी उठेना. मी शिकवलेला तो सगळ्यात चांगला तास, आणि त्यात मी एक रेघ मारण्यापलीकडं काही केलं नाही.

जाताना ती टेबलाशी थांबली.

"मॅडम, साहेबास्नी सांगितलं का?"

"नाही."

"मग त्यांच्या वहीत आजून उगवलेलाच हाय की. कवा सांगणार?"

"सांगेन."

"दहा दिवसांत?"

"हो, दहा दिवसांत," मी म्हणाले. तिनं बोटांवर मोजलं.

मी सांगितलं नाही. आधी शाळेचं मूल्यांकन आलं, मग हेडसरांची बदली, मग माझा निरोप समारंभ. समारंभात साहेबांनी भाषणात त्या दाण्याचा उल्लेख केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात जोडले. शिवलीला तेव्हा मुलींच्या रांगेत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

म्हणून हे लिहिलं. साहेब, तुमच्या शेरेबुकातला तो दाणा मी बदललेला होता. तुम्हालाही ते माहीत होतं असा माझा अंदाज आहे, पण माझ्यापुरतं मी सांगून टाकते. शिवलीला आता अक्कलकोटला सातवीत आहे. अंक निघाला की एक प्रत तिला पाठवणार आहे, या पानावर खूण घालून. दहा दिवस म्हणाले होते, चार वर्षं लागली.